डाव्या हाताचा घास

पंगतीतून उठणारी बाई मी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको का भागीरथाबाईनं आपलं झाकून दुसऱ्याचं सांगितलं.

लग्न खाप्याले होतं, माह्या भाच्याचं. वैशाखाचं ऊन, मांडवात पाय ठेवायले जागा नाही, बाया घामानं निथळून राहिल्या होत्या. माह्या बाजूले माही धाकटी जाऊ रुख्मिणी अन् मधात तिची तीन वर्षांची गोपिका. पोट्टीचा उजवा हात कोपरापुढे चार बोटं लांबीचाच आहे. जन्मतःच तसा, टोकाले चण्याएवढ्या दोन-तीन गाठी, बस. पोट्टी भुकेजली होती. वाढणाऱ्यानं पत्रावळीवर बुंदी टाकली अन् तिनं डावा हात घातला. दुसरा आणणार कुठून! पण माहा जीव भडकला. "धुवायचा हात अन्नात घालते पोट्टी! काही वळण लावलं का नाही?" असं म्हणून मी भरल्या पत्रावळीवरून उठली. माह्यासंगं आणखी दोघी उठल्या.

रुख्मिणीनं पोट्टीचा हात पदरानं पुसला, तिले मांडीवर घेतलं अन् आपल्या उजव्या हातानं घास भरवला. तो दिवस, अन् मग सात वर्षं. सात वर्षं गोपिकेच्या तोंडात मायच्या हाताशिवाय घास गेला नाही. निदान आम्ही तं असंच समजत होतो.

आमचं घर एकच, मधात कुडाची भिंत. तिकडे कांदा कापला तं इकडे डोळ्याले पाणी. माहा नवरा गेला तेव्हापासून इकडे मी एकटी. तिकडे माहा दीर चंपतराव, रुख्मिणी अन् गोपिका. चंपतराव कोराडीले, तिथं बिजलीघर बांधून राहिले होते त्या कामावर. शनिवारी सांजच्याले सिमेंटानं पांढरा होऊन घरी येई अन् सोमवारी अंधारातच जाई. घर सारं रुख्मिणीच्या दोन हातांवर, त्यातला एक पोट्टीचा.

सातव्या वर्षी दसरा उलटला तरी पाणी पिच्छा सोडेना, अन् मग एकदम ऊन तापलं तशी कपाशीची सारी बोंडं फुटली. आम्ही बाया मनोहररावाच्या वावरात वेचायले जात होतो. वावर नदीच्या अंगाले, गावापासून कोसभर. कापूस असा लोंबून राहिला होता का वारा आला तं मातीत. मनोहरराव रोज वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहून आभाळ पाहे अन् म्हणे, "चाला वं बायाहो, हात चालवा." त्याचं काय जाते म्हणायले! सकाळी दव पडलेलं, पायाच्या भेगांत गार माती भरते. दुपारी तेच वावर तव्यावाणी. कंबरेच्या ओटीत कापूस भरला का पोट पुढे अन् कंबर मागे, सांजपर्यंत सरळ उभं राहता येत नाही. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं फाटतात ती वेगळीच.

रुख्मिणीचा हात आमच्यात सगळ्यात झटक्याचा. दोन्ही हातांनी वेचे, बोंडात धागा राहू देत नसे. पण सूर्य डोक्यावर आला का ओटी रिकामी करून गावाकडे पळे. कोसभर जाणं, पोट्टीले जेवू घालणं, कोसभर येणं. आम्ही धुऱ्यावर भाकरी सोडून बसलो का रंभाबाई म्हणे, "सुटली गाय वासराकडे." ही रंभाबाई आमच्या टोळीची म्होरकी, बाया गोळा करून वावरात आणायचं काम तिचं. सांजच्याले रुख्मिणीचं गाठोडं सगळ्यात लहान राहे. रंभाबाई ते एका हातानं उचलून सगळ्यांना दाखवे. "पाहा वं. वेचून राहिली का वावर पाहायले आली होती?" बाया हसत. रुख्मिणीही खालच्या मानेनं हसे. थकलेलं माणूस काय करते, हसतेच.

"बस रुख्मे, नको पळू, पोट्टी खाईन आपल्या हातानं," एवढं बोलणं माह्या तोंडातून कधी निघालं नाही. कोणत्या तोंडानं बोलू?

दिवाळी झाली अन् एक दिवस शोभाताई आली. ही आमच्या गावच्या शाळेतली बाई. आमच्याकडे शाळा चौथीपर्यंतच. गोपिका चौथीत पहिली आली होती, अन् जूनपासून घरी बसून होती, कारण पुढच्या शाळेत दुपारी तिले जेवू कोण घालन? शोभाताई ओसरीवर टेकली, घाम पुसला, अन् म्हणाली, "नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली आहे. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. येत्या सोमवारी तिथल्या बाई गोपिकेला पाहतील. त्यांची अट एकच, मुलीनं आपली आंघोळ, कपडे, जेवण आपल्या हातानं केलं पाहिजे. सोमवारी नाही गेलात तर जागा दुसरीला जाईल."

गोपिका तिथंच बसून बापाच्या सदऱ्याले गुंडी लावून राहिली होती. कापड गुडघ्यात दाबलं, गुंडी थोट्या हाताच्या टोकानं धरली, सुई डाव्या हातात. तिची सुई थांबली.

रुख्मिणी म्हणाली, "बाकी सारं करते, बाई. पाणी भरते, झाडते, धुणं धुते. जेवणच नाही करत. मी भरवतो."

"मग शिकवा."

"डाव्या हातानं?"

"दुसरा कुठून आणू, रुख्मिणीबाई?" शोभाताई चिडली नाही, थकल्यावाणी म्हणाली. "आपला हात जगन्नाथ. डावा का असेना." पिशवीतून एक चमचा काढून तिनं रुख्मिणीच्या हातात ठेवला अन् उठली.

चमचा कोनाड्यात पडून राहिला. रुख्मिणी मले म्हणे, "चमचाही डाव्याच हातात धरन ना, बाई. तिथं शंभर पोरी पंगतीत बसन. एखादी उठली तं? मी तिथं नाही राहणार."

असं म्हणताना तिनं माह्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तं बरं झालं असतं.

मंगळवारी वेचता वेचता बोंडाचं टोक रुख्मिणीच्या उजव्या अंगठ्याच्या नखात शिरलं. तिनं चोखलं, थुंकलं अन् वेचत राहिली. रात्रीतून अंगठा सुजून वांग्यावाणी झाला, काखेत गाठ आली. बुधवारी मी तिले खाप्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं चिरा दिला तेव्हा रुख्मिणीनं माहं मनगट असं दाबलं का माह्या बांगड्या वाकल्या. मग बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी. "पंधरा दिवस या हातानं काही करायचं नाही, ओला करायचा नाही," डॉक्टर म्हणाला. वापस येताना बैलगाडीत रुख्मिणी आपल्या पट्टीकडे पाहत होती. हात दुखते म्हणून नाही, हे मले कळलं.

सांजच्याले मी भाकरी टाकल्या अन् एक ताट तिकडे नेऊन ठेवलं. कुडाच्या फटीतून दिसे. रुख्मिणी ताट घेऊन पोट्टीसमोर बसली. डावा हात भाकरीपर्यंत नेला, मागे घेतला. पुन्हा नेला. माय-लेकी एकमेकींकडे पाहत बसल्या. गोपिका म्हणाली, "राहू दे माय, मले भूक नाही."

"मले बी नाही," रुख्मिणी म्हणाली.

माह्याच्यानं राहवलं नाही. मी गेली, बसली, घास कालवला अन् पोट्टीच्या तोंडाजवळ नेला. तिनं ओठ घट्ट मिटले. "काहून वं?" मी म्हटलं. "माह्या हाताले काय विंचू आहे?"

पोट्टी खाली पाहून म्हणाली, "तुमच्या हातचा नको, मोठीमाय."

दहा वर्षांची पोट्टी. तिले कोणी सांगितलं होतं देव जाणे. गावात सांगणारे काय कमी असतात! माहा घास हातातच राहिला. तो मी शेवटी कुत्र्याले टाकला. रुख्मिणीले म्हटलं, "तू तरी खा, मी भरवतो." ती म्हणाली, "पोट्टी उपाशी अन् मी खाऊ?" दोघी पाणी पिऊन निजल्या.

गुरुवारी रुख्मिणी तशीच वावरात आली. डाव्या हातानं वेचे, अन् डावा हात काही ऐकत नव्हता. बोंड सुटे, कापूस खाली पडे, वाकून उचले. मले दुपारी अंगात कणकण वाटली, मी घरी परतली. अंगणात पाय ठेवला तं गोठ्यात खसखस झाली. म्हटलं शेळी सुटली.

शेळी नाही, गोपिका होती. उपड्या टोपल्यावर बसली होती. शिळी भाकर मांडीवर, थोट्या हातानं दाबून धरलेली. डाव्या हातानं तुकडा मोडे, तिखटात टेकवे अन् तोंडात घाले. एक कण सांडत नव्हता. माह्या सासऱ्यानंतर इतकं नीट जेवताना मी कोणाले पाहिलं नव्हतं.

मले पाहून तुकडा तिच्या हातातून पडला. "मायले सांगू नका, मोठीमाय. तुमच्या पाया पडतो."

"कधीपासून?"

"तिसरीत होती तवापासून. दुष्काळात शाळेत सुकडी भेटे खायले. पहिले घरी आणे मी, मायसाठी. मग एक दिवस लय भूक लागली." मग घाईघाईनं म्हणाली, "मी राखेनं धुतो हात. तीन डाव धुतो. हे पाहा."

तिनं तळवा पुढे केला. मायबाई! दहा वर्षांच्या लेकराचा तळवा, अन् राखेनं घासून घासून त्याले भेगा पडलेल्या, आमच्या टाचांवाणी. एका भेगेतून रक्त आलेलं. मी शेणात बसली तशीच.

"मग मायले काहून नाही सांगत, बह्याडे? ती कोसभर उन्हात पळत येते तुह्यासाठी."

"म्हणून तं," गोपिका म्हणाली. "येते अन् माह्याजवळ बसते. दिवसभरात तेवढीच बसते. मी जेवली म्हटलं तं कोणासाठी येईन?" तिनं मांडीवरची भाकर सावरली. "अन् डाव्या हातानं खाल्लं म्हणून रडन. मी पोटभर नाही खात, मोठीमाय. तिच्यासाठी भूक राखून ठेवतो."

तिनं खाली पडलेला तुकडा उचलला, फुंकला, माह्याकडे पाहिलं. "खा," मी म्हटलं. माह्यासमोर काही तिनं खाल्ला नाही.

रात्रभर तोच तळवा डोळ्यापुढे. रुख्मिणीले सांगावं तं पोट्टीचा भरवसा मोडते. नाही सांगावं तं सोमवार निघून जाते, अन् पोट्टी जन्मभर गोठ्यात बसून जेवते. अन् सांगायचं म्हटलं तं सुरुवात माह्यापासूनच करावी लागन. तिथंच माही जीभ अडे. खोटं काहून सांगू?

शुक्रवारी सीतादही होतं. आमच्याकडे पहिली वेचणी सरता सरता वावरातल्या एका झाडाले हळद-कुंकू लावून दहीभात दाखवतात, मग बाया तिथंच धुऱ्यावर पंगत मांडून जेवतात. त्या दिवशी रुख्मिणीनं गोपिकेले सोबत आणलं, एका हातानं वेचणं होईना म्हणून. पोट्टी ओळीत शिरली. थोट्या हातानं फांदी खाली वाकवे अन् डाव्या हातानं बोंड रिकामं करे. चट चट चट. रंभाबाई पाहत राहिली. "मायवर गेली वं पोट्टी!" म्हणाली अन् तिचा कापूस आपल्या हातानं गाठोड्यात घातला.

मी मनात म्हटलं, वा रे न्याय! हाच कापूस उद्या कोणाच्या देवापुढे वात होऊन जळन, तेव्हा कोणी विचारते का कोणत्या हातानं वेचला?

पूजा झाली. पळसाची पानं मांडली, मनोहररावाच्या घरून आलेला दहीभात वाढला. रुख्मिणी माह्या समोर, तिच्या बाजूले गोपिका, मग रंभाबाई. बाया जेवायले लागल्या. दोघी माय-लेकी पानासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या. रुख्मिणीले तं दोन दिवसांचा उपास होता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"खा नं वं रुख्मे," रंभाबाई म्हणाली. "सीतादहीले उपाशी राहते का कोणी?"

"भूक नाही, बाई."

बोलायचं ठरवून आली होती मी. सात वर्षांचं कसं एका दमात बोलते माणूस? मग काय सुचलं कोण जाणे, मी उजवा हात मांडीखाली दाबला अन् डावा हात पानात घातला. भात बोटांतून घसरला. उचलला तं अर्धा नाकाले, अर्धा लुगड्यावर. दही हनुवटीवरून गळ्यात.

"अवं भागीरथाबाई! बह्याड झाली का?" बाया हसल्या.

"झाली," मी म्हटलं अन् दुसरा घास उचलला. तोही सांडला.

तेवढ्यात गोपिकेले हसू फुटलं. लेकरूच ते. "मोठीमाय, असं नाही! बोटं जुळवा अन् अंगठ्यानं लोटा."

हसणं थांबलं. रुख्मिणीनं लेकीकडे मान वळवली. "तुले कसं ठाऊक वं?"

पोट्टीचं तोंड उतरलं. तिनं माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दाखव मायले. मले नको, मायले दाखव."

गोपिका उठली, मटक्यातल्या पाण्यानं हात धुतला. एक डाव, दोन डाव. तिसऱ्या डावाले मी म्हटलं, "पुरे झालं, बाई. निर्मळ झाला." ती येऊन बसली. दहीभात कालवला, बोटं जुळवली, लिंबाएवढा गोल घास केला. अन् आपल्या तोंडात नाही, मायच्या तोंडापाशी नेला.

रंभाबाईनं आपलं पान उचललं अन् उठली. चार बाया सोडून पलीकडे जाऊन बसली. पोट्टीचा हात हवेत तसाच राहिला. रुख्मिणीनं रंभाबाईच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग सरळ माह्याकडे. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं माह्याकडे तसं पाहिलं. मी हलली नाही. बसून राहिली, दह्यानं भरलेली.

रुख्मिणीनं तोंड उघडलं.

घास खाता खाता ती रडत होती. भात अन् आसवं, सारं एकच. गोपिका घाबरून म्हणे, "माय, मी धुतला होता नं, दोन डाव धुतला," अन् रुख्मिणी नुसती मान हलवे अन् पुढच्या घासाले तोंड उघडे. पान सरलं तेव्हा तिनं लेकीचा हात धरून तळवा पाहिला. भेगा पाहिल्या. अन् पोटात मार बसल्यावाणी वाकली. मग रंभाबाईच तिकडून ओरडली, "उठा वं, आभाळ भरून राहिलं."

शनिवारी चंपतराव आला, त्याले सांगितलं. त्यानं तोंडावरचं सिमेंट धुतलं, लय वेळ टॉवेल तोंडावर ठेवून बसला. मग म्हणाला, "घेऊन जा तिले."

सोमवारी सकाळची बस. मी पोट्टीच्या तळव्याले खोबऱ्याचं तेल लावून दिलं. तिनं लावू दिलं, एवढंच.

सांजच्याले रुख्मिणी एकटीच उतरली. ओसरीवर पाय पसरून बसली अन् तुटक तुटक सांगत राहिली. कोराडीच्या थांब्यावर चंपतराव उभा होता, खिडकीतून नवं स्टीलचं ताट दिलं त्यानं, बस हलली तरी सोबत चालत राहिला. वसतिगृहातल्या बाईनं वरण-भात वाढून पुढे ठेवला. पोरी गोळा झाल्या पाहायले. "पोट्टीनं हात धुतला अन् जेवली. सारं जेवली. बाईनं विचारलं आणखी पाहिजे का, तं हो म्हणाली. पुन्हा जेवली." रुख्मिणीनं पाय जवळ घेतले. "तिची भूक एवढी आहे, मले ठाऊकच नव्हतं. मी तिले अर्धपोटी ठेवलं, सात वर्षं."

ठेवलं मी, हे मी तेव्हाही बोलली नाही. पाणी दिलं तिले प्यायले.

मंगळवारी पुन्हा वावर. उरलेला कापूस मातीत जायच्या आत उचलायचा होता. रुख्मिणी पट्टी बांधलेल्या हातानं फांदी वाकवे अन् डाव्यानं वेचे, गोपिकेवाणी. सूर्य डोक्यावर आला तशी ती ओळीतून उठली. ओटी सोडली, गाठोड्यात कापूस रिकामा केला अन् भरभर निघाली. धुरा ओलांडला, गावाकडच्या पांदणवाटेत शिरली. आम्ही साऱ्या पाहत होतो. रंभाबाई काही बोलायले गेली अन् गप बसली.

बाभळीपर्यंत गेली अन् थांबली. उभी राहिली तिथंच, गावाकडे तोंड करून. मग वळली अन् परत आली, हळूहळू, पाय ओढत. धुऱ्यावर माह्या बाजूले येऊन बसली.

मी म्हटलं, "रुख्मे, खाप्याच्या लग्नात मी उठली नसती तं..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहं चुकलं वं."

तिनं डाव्या हातानं फडकं सोडलं, भाकर गुडघ्यात दाबून मोडली. अर्धी माह्या हातावर ठेवली, वरून मिरचीचा ठेचा बोटानं लावला, त्याच हाताच्या बोटानं. "खा आता," म्हणाली. "ऊन चढून राहिलं."

मी खाल्ली.